सिंधूला एक चमचाही नाही

मी, शिवगंगाबाई भ्र. मडिवाळप्पा हुडगे, वय वर्षे शहात्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार बाजारगल्ली, चाकूर, हे मृत्युपत्र आज माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला आणि मी त्यांना तांब्याचा भाव विचारला. मला वार सांगता आला, त्यांना भाव सांगता आला नाही, तरी दाखला माझ्याच बुद्धीचा लिहिला गेला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. या घरात दडपण आणण्याचे काम आजवर मीच केले आहे आणि ते दुसऱ्या कोणाला जमेल असे दिसत नाही.

मजकूर मी सांगितला आणि अ‍ॅड. नरसिंगराव यांनी लिहून काढला. "काकू, मधलं मधलं तुमचं बोलणं काढून टाकू. कोर्टाला मिळकत कळली म्हणजे झालं," असे ते दोनदा म्हणाले. मी म्हटले, मिळकत तलाठ्याच्या कागदावर आहेच. जे कुठल्याच कागदावर नाही ते लिहायला तुम्हाला बसवले आहे. तेव्हा खाली जे जास्तीचे वाटेल ते माझे समजावे आणि जे समजणार नाही ते वकिलांचे.

कलम १. राहण्याचे ठिकाण. लग्न होऊन कंधारहून मी इथे आले तेव्हा चाकूर अहमदपूर तालुक्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात होते. पुढे लातूर जिल्हा झाला. मग चाकूर स्वतःच तालुका झाले. मी उंबरा न बदलता तालुकाही बदलला आणि जिल्हाही. आता उदगीर जिल्हा होणार, असे दर पंधरा ऑगस्टच्या आधी कानावर येते आणि चाकूर कोणाच्या वाट्याला जाणार यावर हॉटेलात भांडणे होतात. नव्या जिल्ह्याबरोबर पाणीही येईल असे आम्हाला तेव्हाही वाटले होते. यंदा जून उजाडला तरी आभाळ कोरडे आहे आणि गल्लीत टँकर आला की सोवळ्यातली माणसेही धावतात. म्हणून हे मृत्युपत्र उघडेल त्या दिवशी चाकूर ज्या जिल्ह्यात असेल तो जिल्हा धरून वाचावे. जिल्ह्याची ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगितलेली नाही. पुढे मरणाच्या कलमात तिचे काम पडणार आहे.

कलम २. वारस. माझे पती मडिवाळप्पा तीन वर्षांपूर्वी लिंगैक्य झाले. मला दोन मुलगे. थोरला सिद्धराम लातूरला अडतीचे दुकान चालवतो. तो मनाने मऊ आहे. फोनवर आधी तोच रडतो, मग मला त्याची समजूत घालावी लागते आणि माझे दुखणे सांगायचे राहून जाते. धाकटा वीरण्णा इथेच हायस्कुलात मास्तर आहे आणि नोकरीच्या कर्जावर बांधलेल्या त्याच्या दोन खोल्यांत राहतो. वर्गात तो मुलांना खडसावतो. घरात "दादा म्हणतील तसं" एवढेच वाक्य त्याला पाठ आहे. वीरण्णाची बायको सिंधू, माहेर नांदेड. तिच्याविषयी पुढे बरेच आहे. माझे दीर महादेवप्पा अजून हयात आहेत आणि त्यांचा आवाजही.

कलम ३. दुकान व घर. बाजारगल्लीतले दुकान, त्यावरच्या खोल्या, पुढे दुसऱ्याला दिलेले सोडून आतला सर्व माल, काटा, वजने आणि भांड्यांवर नाव घालायचे मशीन हे सर्व मी सिद्धरामला देते. दुकान माझ्या नावावर आहे, कारण मालकांना कोणी तरी सांगितले होते की बायकोच्या नावावर ठेवले की कर वाचतो. कर वाचला की नाही ते कळले नाही, पण बाई मालकीण झाली. सिद्धरामने दुकान चालवावे, नाही तर भाड्याने द्यावे. मात्र तिथे प्लास्टिकच्या बादल्या विकू नयेत. बहात्तरच्या दुष्काळात लोक लग्नात आलेली तांब्याची भांडी मोडीत घालायला याच पायरीवर आले होते. सासरे काट्यावर घागर ठेवायचे आणि घालणारी बाई घागरीवरच्या आपल्या नावावर हात ठेवून उभी राहायची. ज्या पायरीने ते पाहिले तिच्यावर प्लास्टिक नको.

वीरण्णाला गावाबाहेरचे शेत देते. त्यात विहीर आहे, पाणी नाही. तिथे त्याच्या वडिलांची समाधी आहे, म्हणून ते विकताही येणार नाही. हे तो समजून आहे. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मला नोकरी हाय, आई." आयुष्यात प्रथमच त्याने दादांचे नाव न घेता उत्तर दिले.

कलम ४. सिंधू. सिंधूला माझ्या मिळकतीपैकी काहीही मिळणार नाही. दागिना नाही, साडी नाही, दुकानातला एक चमचाही नाही.

हे वाचून चाकुरात बोलणे होईल, कारण गेली कित्येक वर्षे ते दुकान सिंधूच चालवते आहे. माझे गुडघे गेल्यापासून गल्ल्यावर ती बसते. आणि ती बसल्यापासून आमचे रोज वाजते. कारण असे की, भांड्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाला आधी चढा भाव सांगायचा, त्याने नाक मुरडायचे, आपण थोडे उतरायचे, त्याने पायरी उतरून जायचे, आपण परत बोलवायचे आणि शेवटी दोघांनी मनातल्या मनात हसायचे. लग्नाची खरेदी करणारी मंडळी भांड्याइतकीच या घासाघिशीसाठी येतात. सिंधूला हे मान्यच नाही. ती पहिल्याच तोंडाने शेवटचा भाव सांगते आणि मग देवाने येऊन विचारले तरी एक पैसा कमी करत नाही. गिऱ्हाईक म्हणते, "काही तरी कमी करा की ताई." ती म्हणते, "कमी करून सांगितलं असतं तर आधी खोटं बोलले असते. घ्यायचं तर घ्या, न्हाई तर ठिवा." कितीतरी पाहुणे रुसून समोरच्या दुकानात गेले. मी तिला पुष्कळ बोलले. तीही मला बोलली. आमच्या दोघींचा आवाज बसस्टँडपर्यंत जातो असे वीरण्णाचे म्हणणे आहे.

तेव्हा सासूने सुनेवर डूख धरून तिला कोरडे ठेवले, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी कलम आठ येईपर्यंत दम धरावा.

कलम ५. किरकोळ. परसातली निळी पाण्याची पिंपे, झाकणासकट, केवळाबाईला द्यावीत. ती दुकानातली भांडी पुसते आणि तिच्या गल्लीत टँकर आमच्याहून कमी वेळा जातो. बँकेतली ठेव आजारपणात लागेल ती लागून उरेल ती मठाच्या अन्नदानाला द्यावी, आणि दुकानातली स्टीलची ताटेही द्यावीत. पण ताटांवर माझे नाव घालू नये. नाव घातलेले ताट घासणाऱ्याला रोज तेच नाव घासावे लागते आणि त्याने माझे काही वाईट केलेले नाही.

कलम ६. माझे पती कसे गेले. वकील म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवावे.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या उन्हाळ्यात मालक दुकानात काटा पुसता पुसता खाली बसले ते परत उठले नाहीत. मेंदूत रक्त सांडले होते. लातूरहून नांदेडला न्यायला सांगितले. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात घशात नळी घालून त्यांना मशीनला लावले. आमच्या लिंगायतांत गळ्यातले इष्टलिंग जिवंतपणी अंगावेगळे करत नाहीत. पण आत गळ्यात काही चालत नाही असे सिस्टरने सांगितले आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत चष्मा, दातांची कवळी आणि इष्टलिंग घालून ती माझ्या हातात दिली. मी ती पिशवी पदराखाली धरून बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

तिथला तरुण डॉक्टर भला माणूस होता. काही दिवसांनी त्याने मुलांना बोलावून नीट सांगितले, "मेंदूचं फार नुकसान झालंय. बाबा परत उठणार नाहीत. मशीन श्वास देतंय तोवर छाती हलेल. पुढं काय करायचं ते घरच्यांनी एकमतानं ठरवा."

सिद्धराम म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही पैशाचा विचार करू नका."

डॉक्टर म्हणाला, "मी पैशाचं विचारलंच नव्हतं."

मग वीरण्णा म्हणाला, दादा म्हणतील तसं. सिद्धराम म्हणाला, काका म्हणतील तसं. काका, म्हणजे महादेवप्पा, म्हणाले, "लोक काय म्हणतील?" अशा रीतीने माझ्या नवऱ्याचा निकाल लोकांकडे गेला. लोक तर रोज येतच होते. लातूरकडचे पाहुणे भेटायला येताना पाण्याचे रिकामे कॅन घेऊन येत, काचेतून आत पाहून डोळे पुसत, दवाखान्याच्या फिल्टरवर कॅन भरून घेत आणि "प्रयत्न सोडू नका" असे सांगून बस पकडत. मालकांमुळे त्या उन्हाळ्यात किती घरांना पाणी मिळाले ते सांगता येणार नाही.

एका सकाळी मुलांनी मन घट्ट केले. मशीन काढायचे ठरले. महादेवप्पांनी लगेच गावी फोन लावला आणि शेतात समाधीचा खड्डा घ्यायला सांगितले. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, त्यामुळे खड्डा खोल लागतो, आणि जमीन इतकी वाळली होती की जेसीबी बोलवावा लागला. दुपारी भोकरचे पाहुणे आले. ते म्हणाले, आमच्याकडे एक जण महिन्याने डोळे उघडून चहा मागत बसला. तो कोण, कुठला, त्याला काय झाले होते, हे कोणी विचारले नाही. ठरलेले फिरले. मशीन चालू राहिले आणि शेतात खड्डा उघडा राहिला. दुष्काळात खड्डा दिसला की माणूस एकच प्रश्न विचारतो. रस्त्याने जाणारा येणारा थांबून विचारू लागला, "पाणी लागलं का? किती फुटाला लागलं?" एक जण तर दोर आणि बादली घेऊनच आला. शेवटी मठाच्या स्वामींनी सांगितले की खड्डा असा उघडा ठेवू नये, तेव्हा तो बुजवला. माणूस जायच्या आधी त्याचा खड्डा खणून बुजवणारे घर या तालुक्यात आमचेच असावे.

या सगळ्यात मला कोणी विचारले नाही. पन्नासहून जास्त वर्षे ज्याच्या ताटात वाढले, त्याचे काय करावे हे मला सोडून सगळ्यांना विचारून झाले. एके दिवशी सिंधू डबा घेऊन आली. पुरुष मंडळी व्हरांड्यात चर्चा करत होती. तिने डबा बाकावर ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "तुम्ही समदे बोलून राहिलात. अत्याला कुणी इचारलं का? अत्या, तुम्ही सांगा. मामाचं काय करावं?"

मी म्हटले, "त्यांना घरी न्या. त्यांच्या गळ्यात त्यांचं लिंग घाला. मग देव बघंल."

सिंधू म्हणाली, "झालं तर मग. मामाला घरी न्यायचं."

महादेवप्पा ओरडले, "सून सासऱ्याच्या जिवावर उठली!" व्हरांड्यात जेवढे बसले होते तेवढे तिच्याकडे वळून पाहू लागले. सिद्धराम भिंतीला तोंड करून रडला. माझे म्हणणे त्या गोंधळात कोणाच्या लक्षातही राहिले नाही, सिंधूचे मात्र राहिले. मालक पुढे बरेच दिवस तसेच होते आणि मशीन चालू असतानाच गेले.

समाधीत बसवताना डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचे असते. मालकांचा हात सुजून फुगला होता, सुयांनी काळा पडला होता, चिकटपट्ट्यांनी कातडी सोलली होती आणि मूठ उघडत नव्हती. पुरुष जोर लावू लागले तेव्हा सिंधू मध्ये आली. घरात त्या दिवशी प्यायचेच तेवढे पाणी होते. तिने ते कोमट केले, पट्ट्यांचा डिंक भिजवला आणि एकेक बोट सावकाश उघडले. मला त्या हाताकडे पाहून फार वाईट वाटले आणि फार राग आला. वाईट वाटणे पुढे कमी झाले, राग झालेला नाही. महादेवप्पा तेवढ्यात समाधीपाशी लोकांना सांगत होते की सुनेने घरी न्यायचा शब्द तोंडातून काढला म्हणूनच गेला. ते बोलणे सिंधूच्या पाठीमागे अजून चालते. गिऱ्हाईक रुसले की तेही जाता जाता ऐकवते.

त्याच उन्हाळ्यात केवळाबाईचा नवरा वारला. त्याला सरकारी दवाखान्यातून मोठ्या ठिकाणी न्या म्हणून सांगितले होते. केवळाबाईने त्याला घरी नेले, खाटेवर निजवले, चमच्याने पाणी पाजले आणि तो तिचा हात धरून गेला. तिला कोणी खुनी म्हटले नाही. गरिबाने घरी नेले की नाइलाज आणि दुकानदाराने नेले की पाप, असा हा न्याय दिसतो. तो कोणी ठरवला ते मला शोधूनही सापडले नाही.

कलम ७. कायदा. गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सांगितले की माणूस शुद्धीत असताना आपल्या उपचाराविषयी आधीच लिहून ठेवू शकतो. हे मी पेपरात वाचले आणि नरसिंगरावांना बोलावले. माझे हृदय थकले आहे, औषधांनी ढकलत आहे. एक दिवस ते बसणार, हे लातूरच्या डॉक्टरांनी मला आडवळणाने आणि सिद्धरामला सरळ सांगितले आहे.

नरसिंगराव म्हणाले, "काकू, मृत्युपत्र मेल्यावर चालू होतं. मरायच्या आधीचं त्यात लिहून उपयोग नाही. त्याला वेगळा कागद, दोन साक्षीदार, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांची सही."

"आणि मग?"

"मग वेळ आली की दवाखान्यातले डॉक्टर बसून ठरवणार. ते हो म्हणाले की कलेक्टरसाहेब दुसरे डॉक्टर नेमणार. तेही हो म्हणाले की मॅजिस्ट्रेट स्वतः येऊन तुम्हाला बघणार. मग मशीन निघंल."

मी म्हटले, "एवढी माणसं तर माझ्या लग्नाला नव्हती. आणि तोवर मी कुठं?"

"तोवर मशीनवरच, काकू."

म्हणजे टँकरला कलेक्टर आणि मरणालाही कलेक्टर. टँकर तरी आज ना उद्या येतो. त्यात ऐन माझ्या वेळेला उदगीर जिल्हा झाला, तर लातूरचे साहेब म्हणणार की बाई आता आमच्या हद्दीत नाहीत, आणि उदगीरच्या साहेबांना अजून खुर्ची आलेली नसणार. मी आपली दोन जिल्ह्यांच्या शिवेवर छाती हलवत पडलेली. म्हणून मी वेगळा कागद केला आहेच, पण त्यात मुख्य गोष्ट अशी लिहिली आहे की बरे होण्याची आशा नसेल तर मला मुळात मशीनला लावूच नये. लावले की काढायला कलेक्टर लागतो. न लावायला सिंधू पुरे. वकिलांनी या ठिकाणी खाकरून पाहिले, पण ओळ खोडली नाही.

कोणी उलटसुलट अर्थ काढू नये म्हणून स्पष्ट लिहिते. सुई टोचून मला मारून टाका असे मी कोणालाही सांगत नाही. तो गुन्हा आहे आणि मला तो नकोही आहे. बरी होण्यासारखी असेन तर खुशाल सुया टोचा, नळ्या घाला, पोट फाडा. मला मरायची घाई नाही, दिवाळीचा माल अजून यायचा आहे. वीरण्णा म्हणाला, "पण आई, ठरवण्यात चूक झाली तर?" मुलगा म्हणून त्याने ते विचारले याचे मला बरे वाटले. त्याला सांगितले की चूक झाली तर मी थोडी आधी जाईन. तुझ्या वडिलांच्या वेळी चूक होऊ नये म्हणून सगळे थांबले, आणि जे झाले ते तू पाहिले आहेस. सिद्धराम तर वडिलांचे पाय धरून तासन्तास बसायचा. त्याची माया खोटी होती असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्या मायेला आपण काय धरून बसलो आहोत ते दिसत नव्हते.

कलम ८. ठरवायचे कोणी. त्या वेगळ्या कागदावर एका माणसाचे नाव लागते. मला बोलता येणार नाही तेव्हा माझ्या वतीने बोलणाऱ्याचे. सिद्धरामचे नाव घातले तर तो रडेल. वीरण्णाचे घातले तर तो सिद्धरामला फोन करेल. महादेवप्पांचे घातले तर पाहुणे कॅन घेऊन येतील. हे सगळे यमाशी घासाघीस करत बसणार, पायरी उतरणार, परत येणार, आणि मी मध्ये. मला पहिल्याच तोंडाने शेवटचा भाव सांगणारे माणूस हवे होते. असे माणूस आमच्या घरात एकच आहे आणि त्याच कारणावरून मी तिच्याशी इतकी वर्षे भांडत आले आहे.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते तेव्हा मी तिला विचारले. ती गल्ल्यावर बसून पितळी समया चिंचेने घासत होती. मी सांगून होईपर्यंत तिने हात थांबवला नाही.

मग म्हणाली, "मी बोलंन, अत्या. पण मला एक चमचा बी देऊ नका."

मी म्हटले, "अगं, दुकान मी तुलाच द्यायचं ठरवलंय. तूच चालवतीस."

"मंग दुसरं कुणी तरी बघा बोलायला."

"का?"

"मामाच्या येळेला मला काय मिळणार होतं? काही न्हाई. तरी लोकं अजून बोलून राहिलेत. आता मी डॉक्टरला न्हाई म्हणायचं आन् दुसऱ्या दिवशी दुकान माझ्या नावावर? माझं सोडा, अत्या. लई ऐकलंय, अजून ऐकंन. पण तुम्ही राजीखुशीनं गेलात हे कुणाला पटणार न्हाई. म्हणतील, सुनंनं दुकानासाठी मारली. तुमचं बोलणं मामाच्या येळेला वाया गेलं, तसंच परत जाईल."

मी म्हटले, "शेत तरी घे. दुकान दोघांत वाटून देते."

"शेत त्यांच्या बापाचं हाय, ते त्यांना द्या. दुकान दादांना द्या. मला काही न्हाई."

"एखादी पाटली? हातातली काढून आत्ताच देते, कुणाला कळणार न्हाई."

"किंमत करून राहिल्या का माझी?" ती हसली नाही. "एकदा सांगितलं ना, अत्या."

मी धंद्यातली बाई आहे. मी पायरी उतरून पाहिली, परत येऊन पाहिली, डोळ्याला पदर लावून पाहिला. ती एक पैसा हलली नाही. जे दुकान तिने चालवले त्याच दुकानात बसून तिने ते माझ्या मरणाच्या बदल्यात सोडले आणि समई घासायला घेतली. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला. तिला तसे म्हटले नाही, म्हणून इथे लिहिते.

तेव्हा सर्वांनी नीट ऐकावे. मला मशीनला लावू नका असे सिंधू म्हणेल तेव्हा ते बोलणे माझे असेल, आवाज तेवढा तिचा. ज्याला दोष द्यायचा असेल त्याने माझ्या समाधीपाशी येऊन मला द्यावा. मी तिथे बसलेलीच असेन. आणि तिने हे मिळकतीसाठी केले असे जो म्हणेल त्याला हेच मृत्युपत्र वाचायला द्यावे आणि तिचा हिस्सा शोधून दाखवायला सांगावे.

कलम ९. महादेवप्पा. बहात्तर साली मोडीत आलेला तांब्याचा मोठा हंडा सासऱ्यांनी मोडला नाही, ठेवून घेतला. वाटणीत तो आमच्याकडे आला आणि महादेवप्पांच्या मनात तेव्हापासून तो सलतो आहे. दर सणाला येतात, हंड्यावर बोटाने टकटक करून पाहतात आणि उसासा टाकतात. तो हंडा मी त्यांना देते. अट एवढीच की समाधीच्या वेळी जमलेल्या सर्वांपुढे त्यांनी कलम आठ आपल्या तोंडाने, खड्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे. मध्ये स्वतःचे काही घालू नये. "लोक काय म्हणतील" हे शब्द निघाले तर हंडा केवळाबाईच्या पिंपांबरोबर जाईल. भावजी, तुमचा आवाज मोठा आहे. त्याने एक बोलणे पसरवले, तर दुसरेही पसरवता येईल.

कलम १०. समाधी. माझ्या गळ्यातले इष्टलिंग कोणत्याही दवाखान्यात काढू नये. नियमच असेल तर पिशवीत घालू नये, सिंधूच्या हातात द्यावे. जमल्यास मला घरीच ठेवावे, दुकानावरच्या खोलीत, जिथून खालचा भाव ऐकू येतो. श्वास जाईपर्यंत कोणीही खड्डा खणायला फोन करू नये. खणल्यावर कोणी पाणी लागले का म्हणून विचारलेच, तर यंदाही नाही, असे सांगावे. मला मालकांच्या शेजारी बसवावे आणि माझी मूठ सिंधूने उघडावी. या वेळी तिला जोर लागणार नाही.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे केले तर सिंधूला काही देण्यासाठीच करेन आणि ती ते फाडून टाकेल, तेव्हा हेच शेवटचे समजावे. सर्व मजकूर मला वाचून दाखवला. जिथे वकिलांनी माझे बोलणे सभ्य केले होते तिथे ते परत पहिल्यासारखे करून घेतले. मग सही केली.

ठिकाण: चाकूर, सध्या जिल्हा लातूर
दिनांक: १२ जून २०१९

(सही) शिवगंगाबाई भ्र. मडिवाळप्पा हुडगे

साक्षीदार:

१. साहेबराव पि. भुजंगराव, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहेत. मला चहा साखर कमी घालून दिला व कारणही सांगितले.

२. सटवाजी पि. नरसू, शिंपी, दुकान समोर. माझ्यासमोर सही झाली.

३. ज्याला मिळकतीतून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. मला होता येते. सगळं वाचलं. मला काही न्हाई, हे कबूल. बाकीचं बी कबूल.
(सही) सिंधू भ्र. वीरण्णा हुडगे